बोकडाचे जीव शोधणारी डबी

मित्रांनो, तळहातावर मावेल एवढी, काळ्या प्लास्टिकची, एका कोपऱ्याचा टवका उडालेली अशी मी एक जुनी डबी आहे. मला पाहून कुणाला ही चार्जरची टोपी वाटते, तर कुणाला टेपरेकॉर्डरचा निखळलेला भाग. एका पाहुण्याने मला काडेपेटी समजून उघडायचा प्रयत्न केला होता. कोपऱ्याचा टवका ही त्याचीच आठवण. खरे म्हणजे मी चीट कोडची डबी आहे. हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेममध्ये जी कॅसेट घालतात, तिच्या आणि गेमच्या मधे मला बसवायचे. दोघांचे सगळे बोलणे माझ्या पोटातून जायचे. चोंबडेपणा हाच माझा व्यवसाय होता असे म्हटलेत तरी मला राग येणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या पोटात तांब्याच्या रेघांची हिरवी पट्टी बसवली, दोन ठिकाणी डाग दिला आणि जांभई देत मला पुढे सरकवले. माझ्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत ‘अमर व्हा!’ असे छापले होते. आतल्या घडीच्या कागदावर मात्र माझी हमी एकाच वर्षाची होती.

माझे काम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली. खेळ सुरू असताना गेमच्या मेमरीत बत्तीस हजारांहून जास्त खण असतात. प्रत्येक खणात एक आकडा असतो. जीव किती उरले, उडी किती उंच, ढग कुठे आहे, सगळे काही आकड्यांत. पण एकाही खणावर चिठ्ठी नसते. कुठल्या खणात काय ठेवले आहे, हे कॅसेट बनवणाऱ्यालाच ठाऊक. मग मी खेळणाऱ्याला विचारते, “आता आकडा किती?” तो म्हणतो तीन. ज्या ज्या खणात तीन आहे ते सगळे मी लक्षात ठेवते. मग तो एक जीव घालवून येतो आणि म्हणतो दोन. मघाच्या खणांपैकी आता ज्यांत दोन आहे तेवढेच मी ठेवते, बाकीचे सोडून देते. असे करत करत शेवटी एखाददुसरा खण उरतो. त्यात हवा तो आकडा मी घट्ट धरून ठेवते आणि लोक अमर होतात. आकडा पडद्यावर दिसत नसेल तर मी एवढेच विचारते, “वाढले, कमी झाले, की तेवढेच आहे?” समोरच्याने खरे सांगितले की मी शोधून देते. थापा मारल्या तर माझा नाइलाज होतो.

ऐन उमेदीची वर्षे मी एका दुरुस्तीवाल्याच्या खणात, रेडिओच्या बटणांच्या आणि मुक्या घंट्यांच्या संगतीत काढली. माझी फॅशन गेली होती. मग एके दिवशी गळ्यात शिवणाची टेप अडकवलेली एक बाई दुकानात आली. दुरुस्तीवाल्याच्या कोटाचे अस्तर उसवले होते. तिने ते तिथेच बसून शिवून दिले आणि बदल्यात मला मागून घेतले. जाताना तिने विचारले, “याच्यानं बोकड मरायचा थांबेल ना?” दुरुस्तीवाल्याने घाईघाईने कोट अंगात घातला आणि हो म्हणाला. बाईंचे डोके ठिकाणावर आहे की नाही, याची त्याला शंका आली असावी.

ही बाई घरीच कपडे शिवायची. नवरा बोटीवर इंजिनाच्या कामाला, त्यामुळे सहा-सहा महिने समुद्रावर. घरात ती आणि तिचे सासरे. आता या सासऱ्यांची ओळख करून द्यायला हवी.

ते चौतीस वर्षे वजन-मापे तपासणारे निरीक्षक होते. आळीत त्यांना मापसाहेब म्हणत. ते रस्त्याच्या टोकाला दिसले की दुकानदार तराजू पुसायला घेत. निवृत्त झाल्यावरही डोळा तसाच होता. दूधवाल्याच्या मापाकडे ते असे पाहत की तो बिचारा आपण होऊन थोडे जास्त ओतायचा, आणि मग हे म्हणायचे, “जास्त का? जास्त हेसुद्धा चूकच.” सून लग्न होऊन आली त्या आठवड्यात त्यांनी तिची शिवणाची टेप लोखंडी पट्टीला लावून पाहिली. साठ इंचांत पाव इंच ताणलेली निघाली. त्यांनी टेप जप्त केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नवी आणून दिली. त्या दिवसापासून सुनेच्या मनात त्यांच्याबद्दल धाक आणि माया सारख्याच मापाने भरली होती.

आदल्या वर्षी मापसाहेबांना झटका आला. बोलणे-चालणे सुधारले, पण उजव्या हाताची बोटे सैल पडली. ज्या हाताने चौतीस वर्षे मापांवर शिक्के मारले, त्या हातात चमचा ठरेना. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. त्यांनी रबरी चेंडू दिला आणि रोज शंभर वेळा दाबायला सांगितला. मापसाहेबांनी विचारले, “किती जोरानं?” बाई म्हणाल्या, जमेल तेवढ्या. “‘जमेल तेवढं’ हे कुठलं माप?” असे विचारून त्यांनी चेंडू बाजूला ठेवला. पुढे तो कपाटाखाली गेला. ते म्हणत, घरंगळला. मी त्या वेळी तिथे नव्हते, तेव्हा त्यावर काही बोलत नाही.

अशात माळा आवरताना मुलाचा लहानपणचा व्हिडिओ गेम सापडला. त्यात एकच कॅसेट होती. एक बोकड डोंगर चढतो. वाटेत फटी, निसटते दगड, आडवी येणारी गिधाडे. जीव तीन. प्रत्येक डोंगराला वेळ एक मिनिट. तेवढ्यात माथा गाठला नाही तर धुके उतरते आणि बोकड त्यात नाहीसा होतो. मापसाहेबांनी हे प्रकरण सहज हातात घेतले आणि त्यांना ते आवडले. इथे नियम होते, आकडे होते, वेळ ठरलेली होती. दोन महिने ते रोज सकाळी खिडकीजवळ बसून उजव्या अंगठ्याने बटण दाबत राहिले. पहिला डोंगर झाला, दुसरा झाला. बोटांत जरा जीव आला. चमचा उजव्या हातात गेला.

तिसऱ्या डोंगराने मात्र घात केला. कितीही केले तरी माथा चार हात लांब असताना धुके यायचे. असे तीन आठवडे गेल्यावर एका सकाळी त्यांनी गेम सुनेच्या मशीनवर आणून ठेवला. “हात गेला तो गेलाच. आता बोकडाला कशाला दमवू?” एवढेच म्हणाले. दुपारच्या जेवणाला चमचा पुन्हा डाव्या हातात होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी सून मला घेऊन आली.

आमचे काम दुपारी चालायचे, मापसाहेब पडलेले असताना. ती शिवणाच्या खोलीचे दार लोटून घ्यायची आणि स्टुलावर बसायची. तिला व्हिडिओ गेमचा गंध नव्हता, पण उलगडून पुन्हा शिवायची चिकाटी होती. पहिल्या शोधात तीन असलेले सहाशे अकरा खण निघाले. तिने बोकडाला दरीत ढकलले. दोन असलेले चौदा उरले. पुन्हा ढकलले, तेव्हा एक असलेले तीन उरले. तिला दर वेळी वाईट वाटायचे. “जा रे बाबा, तुझ्याच भल्यासाठी,” असे पुटपुटून ती बटण दाबायची.

तीन खणांपैकी पहिल्यात तिने नऊ भरले. बोकडाची शिंगे गेली. दुसऱ्यात भरले, तर पडद्यावर नऊ जीव दिसू लागले. तिने आनंदाने खेळून पाहिले, पण बोकड तीनदा पडला आणि खेळ संपला. पडद्यावरचा नऊ तसाच चमकत होता. तो नुसता दाखवायचा आकडा होता. खरा हिशेब तिसऱ्या खणात होता. तिथे तिने नऊ न भरता तीन भरले आणि मला ते धरून ठेवायला सांगितले. नऊ दिसले तर सासरे ओळखतील, हे तिला कळत होते. तिनाचे तीनच राहिले तर कुणाच्या लक्षात येते?

चीट कोड, म्हणजे खणाचा नंबर आणि त्यात धरायचा आकडा, तिने गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत लिहून ठेवला. एका पानावर गिऱ्हाइकाचे नाव ‘बोकड’, आणि खाली छाती एक्केचाळीस, कंबर त्रेसष्ट, बाही तीन. गेमच्या पाठीला माझा उंचवटा दिसू नये म्हणून तिने कापूस भरून, टाके घालून एक गुबगुबीत खोळ शिवली. हाताला मऊ लागावी म्हणून, असे सासऱ्यांना सांगितले. रोज सकाळी “जरा पुसून देते” असे म्हणून ती गेम आत न्यायची, कोड घालायची आणि बाहेर आणून द्यायची.

मापसाहेब आधी तयार नव्हते. खोळ एवढी मेहनतीने शिवली आहे तर निदान एकदा, असे म्हणून तिने गेम त्यांच्या हातात कोंबला. त्या सकाळी मापसाहेब सलग दीड तास खेळले. बोकड पडायचा, उठायचा, धुक्यात हरवायचा, पुन्हा डोंगराच्या पायथ्याशी उभा राहायचा. आठवड्याभरात ते चौथ्या फटीपर्यंत पोचू लागले. पंधरा दिवसांत त्यांनी सदऱ्याची वरची दोन बटणे स्वतः लावली. व्यायामवाल्या बाईंनी विचारले, चेंडू दाबता ना? ते म्हणाले, बोकड दाबतो. मला आयुष्यात प्रथमच कृतकृत्य वाटले. खोळीच्या कापसात उकडत होते, पण तक्रार नव्हती.

मध्यंतरी एक घोळ झाला. सुनेच्या हातून घाईत चुकीचा खण लागला. दुपारी मापसाहेब तिच्या दारात येऊन उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, “आज बोकडाला शिंगं नव्हती.”

सून सुई तोंडात धरून म्हणाली की ऋतू बदलला की गळत असतील.

“हरणाची गळतात,” मापसाहेब म्हणाले. “बोकडाची नाही.” आणि ते परत गेले. पण त्यांच्या चालण्यात काहीतरी बदलले होते. ती निरीक्षकाची चाल होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शेजारी पाटी घेतली. बोकड पडला की डाव्या हाताने एक रेघ. पाच रेघांचा एक गठ्ठा. खेळ संपला तेव्हा अडतीस रेघा होत्या आणि पडद्यावर जीव तीन. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तीनच. ते उठले आणि घरभर तपासणीला लागले. शिवणाच्या खोलीत मापांची वही चाळताना ते एका पानावर थांबले. सून तेव्हा मशीनवर एका पडद्याची किनार मारत होती.

“हे बोकड नावाचं गिऱ्हाईक कोण?” त्यांनी विचारले. “छाती एक्केचाळीस, कंबर त्रेसष्ट. ठीक आहे, खाणारा असेल. पण बाही तीन इंच?”

मशीन थांबले. सुनेने खोटे बोलायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. तिने खोळ उसवली, मला बाहेर काढून त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि सगळे सांगून टाकले. मापसाहेबांनी मला उलटसुलट पाहिले. खोट्या मापाकडे पाहायची त्यांची ती नजर मी विसरणार नाही. मग ते म्हणाले की पंचनामा होईल.

पंच म्हणून खालच्या मजल्यावरचे न्हावी आणि शेजारचे निवृत्त पोस्टमन यांना बोलावले. न्हावी हातातले गिऱ्हाईक अर्धवट सोडून आला होता, त्यामुळे जिन्यावरून अर्ध्या दाढीचा एक गृहस्थही डोकावत होता. आता अडचण अशी झाली की मापसाहेबांना हातामुळे लिहिता येत नव्हते, पंचांनी चष्मे आणले नव्हते, आणि घरात चांगले अक्षर एकाच माणसाचे होते. अखेर आरोपीनेच पंचनामा लिहिला. मापसाहेब सांगत होते, “सदर डबी काळ्या रंगाची असून,” आणि सून खाली मान घालून लिहीत होती. “सदर इसमाने वृद्ध सासऱ्याची फसवणूक करण्याच्या हेतूने,” असे त्यांनी म्हटले तेव्हा तिचे पेन थांबले.

“हे मी लिहिणार नाही, बाबा,” ती म्हणाली. “फसवलं हे लिहिते. पण हेतू माझा आहे, तो मी सांगेन. मला तुमचा बोकड नव्हता वाचवायचा. मला तुमचा हात हवा होता.”

पंचांनी छताकडे पाहिले.

“आणि मला काय वाटलं होतं?” मापसाहेब म्हणाले. “पंधरा दिवस मला वाटत होतं की मी सुधारतोय. आता त्यातलं माझं किती आणि या डबीचं किती, हे मला कोण सांगणार?”

त्यांनी मला जाड पाकिटात घातले, वर लाख ओतून सील केले आणि कपाटावर ठेवले. पोस्टमनने निघताना सवयीने पाकिटावर पत्ता शोधला.

पुढचे नऊ दिवस घरात कामापुरतेच बोलणे झाले. पाकिटातून मला दिसत काही नव्हते, पण ऐकू येत होते. मशीन नको तेवढ्या जोराने चालायचे. खिडकीजवळून बोकडाचे संगीत येत नव्हते. व्यायामवाल्या बाई आल्या, त्यांनी मापसाहेबांना आपला हात दाबायला लावला आणि म्हणाल्या की मागच्या खेपेपेक्षा जोर कमी झालाय, काय झालं? मापसाहेबांनी हात मागे घेतला. पण मागच्या खेपेला जोर होता, म्हणजे तो आपलाच होता, डबीचा नव्हता, हा हिशेब त्यांच्या डोक्यात तेव्हाच शिरला असावा. डबी बोकडाला जीव देत होती, अंगठ्याला नाही.

दहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट खाली काढले आणि सुनेला हाक मारली. जप्त मालाची तपासणी झाल्याशिवाय प्रकरण पुरे होत नाही, असे त्यांनी जाहीर केले. तपासणीसाठी जाणकार माणूस लागतो, आणि जाणकार तीच होती. ती हात पुसत आली. चेहऱ्यावरून ती अजून रुसलेली दिसत होती, पण पाय लगबगीने आले होते.

तिने त्यांना सगळे करून दाखवले. सहाशे अकरा खण, चौदा खण, तीन खण. मापसाहेब पुढे वाकून पाहत होते. मी दोन आकडे शेजारी ठेवून कसे तपासते, हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा ते हळूच म्हणाले, “हा तर तराजू आहे.” मला एवढा मोठा मान कुणी दिला नव्हता. खोटे वजन ठेवतो तो माणूस, तराजूचा त्यात काय दोष, असेही ते म्हणाले. सुनेने हा टोला मुकाट्याने घेतला.

मग तिने तो दाखवायचा खण उघडला. पडद्यावर नऊ, आत तीन. मापसाहेब ताठ बसले.

“म्हणजे दाखवायचा आकडा वेगळा आणि खरा आकडा वेगळा? हे या कॅसेटमध्ये आधीपासूनच आहे? तू केलेलं नाहीस?”

सून म्हणाली, बनवणाऱ्यांनीच तसे ठेवले आहे. आता मापसाहेबांना राहवेना. चौतीस वर्षांत ज्या ज्या दुकानात त्यांना दोन वजने सापडली, तिथे तिसरे नक्की लपवलेले असे. त्यांनी आपले सेकंद मोजायचे घड्याळ मागवले. वर एक घट्ट बटण असलेले ते जुने घड्याळ होते. सून म्हणाली, मी दाबते. ते म्हणाले, तपासणीचं घड्याळ तपासणाऱ्याच्याच हातात हवं. उजव्या अंगठ्याने ते बटण दाबायला त्यांना पहिल्या दिवशी सात प्रयत्न लागले.

तपासणीपुरते मी जीव धरून ठेवले होते. सून बोकड पळवायची, मापसाहेब वेळ घ्यायचे. पहिल्या डोंगराचे मिनिट साठ सेकंदांचे भरले. दुसऱ्याचेही साठ. तिसऱ्या डोंगरावर धुके उतरले तेव्हा घड्याळात एक्कावन्न सेकंद झाले होते. त्यांनी पुन्हा मोजले. मग आपल्या अंगठ्याचा दोष नको म्हणून बारा वेळा मोजले. पडद्यावर साठपासून शून्यापर्यंत एक-एक आकडा नीट उतरत होता, फक्त घाईघाईने. बोकडाला मिनिटामागे नऊ सेकंद कमी दिले जात होते.

“म्हणून माथा चार हात लांब राहायचा,” मापसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. बऱ्याच दिवसांनी जुना मित्र भेटावा तसा होता.

मग आम्ही तिघांनी शोध घेतला. तिसऱ्या डोंगरावर एक्कावन्न असलेले बावीस खण निघाले. खेळ पहिल्यापासून सुरू करून, पहिल्या डोंगरावर त्यातल्या कशात साठ आहे असे त्यांनी विचारायला लावले. एकच खण उरला. पडद्यावर किती चित्रे उमटल्यावर एक सेकंद गेला असे धरायचे, तो आकडा त्यात होता. साठ उमटायला हवीत, तिथे एक्कावन्नालाच सेकंद कापला जात होता. घड्याळाने जे सांगितले तेच मी सांगितले. मापसाहेबांनी खिशातला रुमाल काढून माझी पाठ पुसली.

सुनेने तोवर बोट पुढे केले होते. आता यात काय भरू, तिने विचारले. नव्वद भरले तर बोकड चालत चालत जाईल. दोनशे भरले तर वाटेत झोपही काढेल.

“साठ,” मापसाहेब म्हणाले.

“बाबा, जरा सत्तर? तुमच्या हाताकडे बघून?”

“मिनिट आहे ना ते? मग साठ. आणि जीव खरे तीन. हात कमी पडला तर ते माझं आणि हाताचं प्रकरण आहे.”

मी साठ धरून ठेवले. मित्रांनो, लोकांना अमर करायला बनवलेल्या मला त्या घरात एक मिनिट पुरे भरायचे काम मिळाले, आणि तेवढेच मी सात आठवडे केले. कारण साठ सेकंदांतही तो डोंगर सोपा नव्हता. बोकड रोज पडायचा. जीव संपायचे, पहिल्या डोंगरापासून सुरुवात व्हायची. सून दारातून विचारायची, “आज?” मापसाहेब उत्तर द्यायचे, “तेवढंच.” कधी म्हणायचे, “कमी.” जरा बरा दिवस असला की म्हणायचे, “वाढलं. एका फटीनं.” खोटे कधी सांगितले नाही, तिने मागितलेही नाही. आता न्हावी आणि पोस्टमनही सकाळी येऊन बसत. अर्ध्या दाढीवाले गृहस्थ एकदा पूर्ण दाढी करून आले, पण तोवर कुणी त्यांना ओळखेना.

एका ढगाळ सकाळी बोकड शेवटच्या फटीवरून उडाला, निसटत्या दगडावर पाय टेकले आणि माथ्यावर उभा राहिला. तीन सेकंद शिल्लक होते. डोंगर सर झाला म्हणून वाजंत्री वाजेल, दिवे लागतील असे सगळ्यांना वाटले होते. पडद्यावर बोकडाने खाली मान घालून थोडे गवत खाल्ले आणि चौथा डोंगर सुरू झाला. मापसाहेब म्हणाले, निदान चहा तरी ठेवा. सुनेने चहा आणला. त्यांनी कप उजव्या हातात घेतला, ओठांना लावला, खाली ठेवला. बशीत एक थेंब नव्हता. सून पाठ वळवून मशीनवर जाऊन बसली आणि जोरजोरात शिवू लागली. मशीनमध्ये दोरा नव्हता.

त्यानंतर मापसाहेबांनी कॅसेट बनवणाऱ्यांना तक्रारीचे पत्र लिहिले. स्वतःच्या हाताने लिहायचे म्हणून दीड पानाला चार दिवस लागले. ‘आपल्या तिसऱ्या डोंगरावरील मिनिट नऊ सेकंदांनी कमी भरते, तरी खुलासा व्हावा.’ पोस्टमनने निवृत्त असूनही पत्र स्वतः नेऊन टाकले. तीन महिन्यांनी ते न उघडता परत आले. तो कारखानाच कधीचा बंद झाला होता. मापसाहेबांनी पाकिटावर ‘प्रकरण प्रलंबित’ असा शेरा मारला. अक्षर वाकडे होते, पण वाचता येत होते.

ते आणखी सहा वर्षे होते. पाचव्या डोंगरापर्यंत पोचले.

आता मी सुनेच्या मशीनच्या खणात असते. सोबतीला रिळे, मोडक्या सुया आणि कपड्यावर खुणा करायचे खडू. खडूची पूड माझ्या तांब्याच्या दातांत बसते आणि मग माझे मला ऐकू येत नाही. तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल तर त्याच्यावर फुंकर मारू नका. सगळे मारतात, आणि तोंडाच्या वाफेने आम्हांला गंज चढतो. कोरड्या सुती फडक्याने हळूच पुसा, तेवढे पुरे. आणि मी काही विचारले, वाढले का, कमी झाले का, तर जे असेल ते सांगा. कमी झाले असेल तर कमी सांगा. त्याशिवाय मला कुणालाच काही शोधून देता येत नाही.

परवा दुपारी सुनेने मला बाहेर काढले. ती आता स्वतः चष्म्यावर चष्मा लावते आणि बोकडाला पहिल्याच डोंगरावर दोनदा पाडते. शेवटचा जीव उरला तेव्हा तिने माझे बटण दाबले. जीवांचा खण मला पाठच आहे. मी तो उघडून समोर ठेवला आणि नेहमीसारखे विचारले, बदलायचा का?

तिने त्या एकाकडे थोडा वेळ पाहिले. मग “असू दे” असे म्हणून खण मिटला आणि ती पुढे खेळायला लागली.